औषधाच्या मापातलं पाणी

मान मागे टाक गं, अशी — बेसिनच्या कडेला टॉवेल ठेवलाय, टोचणार नाही — आणि तो हात उचलू नकोस, टाके ओढले जातील. पाणी गरम नाही ना? मग गप्प बस. बत्तीस वर्षं वॉर्डात काढलीत, एका पेशंटने तक्रार केली नाही माझी — म्हणजे केली, मी ऐकली नाही!

कोण, आमच्या चर्चचे पाळक? हो, आले होते काल. चहा घेतला, दोन बिस्किटं खाल्ली आणि माझीच शाळा घेतली. कशावरून काय, तुझ्यावरूनच की! तुझं नेहमीचं — सगळे जिने एकाच गच्चीवर जातात, तू तुझ्या जिन्याने ये, मी माझ्या. आणि मी म्हणते, बाई, खरं एकच असतं. ताप एकशे दोन आला की तो एकशे दोनच, त्यात तुझं खरं नि माझं खरं कुठून आलं? वीस वर्षं शेजारी राहून भांडतोय, मजेत भांडतोय. पण त्या दिवशी ऑपरेशनला न्यायला ते स्ट्रेचर आलं ना — आणि डॉक्टरांचे चेहरे मला वाचता येतात गं — म्हटलं, हिचं काही झालं तर? मी मरून वर जायचं आणि ही तिथे नसायची? मग भांडू कुणाशी, देवदूतांशी?

डोळे मीट, साबण जाईल. तर आमच्यात कसं आहे, जीव जायची वेळ आली आणि पाळक जवळ नसले, तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं. वॉर्डात कितीतरी तान्ह्यांना दिलाय मी — आईबापांनी हात जोडले म्हणून, हं. औषधाचं ते छोटं प्लास्टिकचं माप असतं ना, त्यातलं पाणी, कपाळावर तीनदा, आणि चार शब्द. अर्धं मिनिट लागतं. वॉर्डबॉय लिफ्ट बोलवायला गेलेला, तुला गुंगीचं इंजेक्शन दिलेलं, तू चक्क घोरत होतीस —

हलू नकोस. अगं, पाणीच ते! आणि पाळक म्हणतात, असला बाप्तिस्मा धरतच नाहीत. शहाण्यासुरत्या माणसाने स्वतः हो म्हणावं लागतं. केवढे रागावले! म्हणे, सिस्टर, आपला प्रभू दार वाजवून बाहेर थांबतो आणि तुम्ही कुलूप तोडून आत शिरलात. म्हटलं, मग त्याच्याशिवाय तारण नाही असं दर रविवारी तुम्हीच सांगता ना? तर म्हणे, सांगतो, पण तारणारा तो आहे, तुम्ही नव्हे. तिचं काय करायचं ते त्याला ठरवू द्या. देते की! दिलं ठरवायला. झालं, संपला विषय.

काय? विचारलं का नाही? अगं, तू झोपलेली — आदल्या दिवशी? हो, आदल्या दिवशी होते ना मी, तुझी वेणी घातली, दुपारभर बसले, वेळ होता, खूप वेळ होता — नाही विचारलं. तू नाही म्हणाली असतीस.

उठतेस कुठे? अगं, साबण आहे अजून केसांत. एका हाताने कसं जमणार तुला, आण तो तांब्या इकडे — बरं. बरं, तू ओत. दार लावून घेते मी.