मागे हौदा असलेली गाडी

नाही, नाही, आत बसून बघायला नको. सीट मऊ आहे हे मला बाहेरूनही दिसतंय. मी विचारलं त्याचं उत्तर द्या — माझा मुलगा इथं येऊन गेला ना? उंच, चष्मा, बोलताना मान खाजवतो तो. आला होता? वाटलंच मला! तरीच मी तोंडानं पिकअप म्हणतेय, आणि तुम्ही मला या सात सीटांच्या गाडीकडे वळवताय — ‘काकू, ही बघा, किती ऐसपैस!’ पढवून ठेवलंय त्यानं तुम्हाला.

अहो, माझी रोपवाटिका आहे. सोळा वर्षं एकटीनं चालवतेय, नवरा गेला तेव्हा हा सातवीत होता. खताची पोती, कुंड्या, पुरुषभर उंचीची झाडं — ती काय गादीवर पट्टा लावून बसवू? पिकअपला मागे मोकळा हौदा, माती सांडली तर पाइपनं धुतलं की झालं. जुना टेम्पो मोडीत निघाला, त्याच्या जागी दुसरं काय घेणार माणूस? तर हा म्हणतो, ‘आई, मोठी एसयूव्ही घेऊ, लांब जाता येईल.’ लांब म्हणजे कुठं? घरात माणसं तीन — मी, तो, सून. तिघांना सात सीटा? आणि मागच्या पाडल्या की — तुम्हीच आत्ता पाडून दाखवल्यात — अख्खा संसार मावतो. हसू नका, मावतो!

महिनाभर झाला, मी खोलीत आले की दोघं बोलायची थांबतात. सून वाईट नाही हो. मातीची तपासणी शिकलीय, नुसतं पान बघून कीड ओळखते. पण रोज अकराला फाटकाशी जाऊन उभी. टपालवाला न थांबता पुढं गेला की परत येते नि रोपांना पाणी घालते — घातलेल्यांनाच पुन्हा. मी विचारलं, ‘कुणाची वाट बघतेस गं?’ तर म्हणे, ‘कुणाची नाही, आई.’ माझ्याशी खोटं! सरळ सांगायचं ना, प्रयोगशाळेत मुलाखत देऊन आलेय म्हणून. मी काय खाल्लं असतं तिला? एकच दिवस ती दाताला दाखवायला गेली, नेमका त्याच दिवशी — जाऊ दे. एवढ्या लांबचं शहर, राहायला दोन खोल्या देणार, आणि सोमवारपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्याला. आज शुक्रवार. काल न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. हा दाराबाहेरून म्हणतोय, ‘नसेल झाली निवड, आपण इथंच राहू.’ ऐकलंत? इथंच राहू म्हणाला. स्वतःच्या तोंडानं! मग पिकअपच लागणार ना?

काय?

तिला निवड झाल्याचं माहीत नाही, मग सोमवारचं मला कसं — कळलं मला. आईला कळतं. तुम्ही गाड्या विका ना, घरातल्या चौकशा कशाला? आणि पर्सकडे काय बघताय? माझे कागद आहेत त्यात. माझे. एकटी राहून बघा तुम्ही, एवढ्या मोठ्या जागेत, झाडांशी बोलत — मग विचारा मला.

नको, पाणी नको. त्याला फोन करायचा नाही, सांगून ठेवते. पिकअपचा फॉर्म आणा. सही कुठं करायची तेवढं दाखवा, आणि जा तिकडं — दुसरं गिऱ्हाईक उभं आहे तुमचं. जा म्हटलं ना.