तांड्याचा खुराक

— हा घ्या दोरा, अन् तिकडं भिंतीकडं तोंड करून तुमचीच कंबर मोजा. मी कशी मोजू भाऊ, काही समजते का नाही तुमाले. बेंबीच्या खालून घ्या, हां, अन् जिथं मिळते तिथं गाठ मारा. पोट आत ओढू नोका. सगळेच ओढतात. मंग लंगोट घट्ट होते, बैठका मारता मारता काचते, अन् मलेच बोलतात, पहिलवानाच्या बायकोले शिवता येत नाही म्हनून. द्या इकडं. बसा त्या दगडावर. पहिलवान नाहीत घरी, बैलबंडी घेऊन नदीकडं गेलते, आखाड्याले नवी माती पाहिजे — येतील दिवस बुडाच्या आधी. तवरोक मी हे शिवून टाकते. त्यायचं नाव मी सोताहून घेत नाही, तिथं पाटीवर लिवलं आहे, वाचा तुमी. हां, पूनमसिंग. शिकलेले दिसता. कुठी आहे नोकरी? जिनिंगात कारकून. म्हनजे दिवसभर बसूनच. तवाच मानेची अशी काडी झाली.

एक आत्ताच सांगून ठेवते — पहिले पहिले तुमाले कुस्ती खेळू देनार नाहीत ते. फावडं देतील हातात अन् म्हनतील, माती उकरा. तुमाले वाटन, मी काय रोजंदार आहे? मांगं एक मास्तर आलते, ते तर फावडं टाकूनच गेले, आमाले असे कामं सांगता का म्हने. पन तेच पहिलं काम आहे, भाऊ. त्यातून कंबर मोकळी होते, खांदे मोकळे होतात, अन् श्वास कसा घ्याचा ते मानसाले आपोआप समजते. मंग दंड, मंग बैठका, थोडे थोडे. बाजूचा किती मारून राह्यला तिकडं पाहू नोका, तो तुमच्या आधीपासून येते. श्वास कोंडू नोका. झालं का लगेच घटाघटा पानी पिऊ नोका, थोडं बसा, घाम जिरू द्या. अन् तुमी पहिल्याच दिवशी जोशात जास्त मारसान, मले ठाऊक आहे, नवे सगळे मारतात. दुसऱ्या दिवशी काही वाटत नाही. मंग एका सकाळी उठसान तर जिना उतरता येनार नाही, पायखान्याले बसता येनार नाही — हसू नोका, खरंच सांगून राह्यली. त्याच दिवशी लोक सोडून जातात. ते पाहा खुंटीवर किती लंगोट टांगून आहेत, मीच शिवलेले, ज्यायचे आहेत ते परत आलेच नाहीत. मी धुऊन ठेवते, उंदरं कातरतात. त्या दिवशी तुमी या. काही करू नोका, हातपाय हालवा, तेल चोळा, घरी जा. पन या.

खिशातून काय काढून राह्यले? फोटू? पाहू. बापा — हा कोन म्हनाव? कोन्या मासिकातून फाडला का? असं अंग पाहिजे तुमाले. किती दिवसात? भाऊ, तेल लावलं का कोनाचंही अंग फुगलेलं दिसते. हा तेल लावून उभा आहे, अन् फोटू काढनारानं त्याले उजेडात उभा केला. ठेवा तो खिशात, पहिलवानाले दाखवू नोका. दंडाले दोरा गुंडाळून रोज मोजू नोका, त्यानं मन खराब होते. जवान पोट्टे दंड पाहतात, पहिलवान मांड्या पाहते. मानूस पडते ते पायातून पडते. हे मी उगाच नाही सांगून राह्यली.

खुराक? सगळे पहिले तेच इचारतात. बदाम किती, तूप किती. चने भिजवून खा, शेंगदाने खा, ज्वारीची भाकर, तुरीचं वरन, अन् येळेवर निजा. दूध सोसत असन तर प्या. येते घरी दूध? एक म्हैस. बरं, मंग आतापरयंत ते कोन पेत होतं? काहून म्हनजे — कोनी तरी पेतच असन ना, म्हैस काही तुमची वाट पाहून थांबली नोती. बायको अन् लहान पोट्टं. हां. तर त्यायच्या वाट्याचं किती अन् तुमच्या वाट्याचं किती, हे आधी बायकोसंग बसून ठरवा, मंग दंड मारा. तुमी हसून राह्यले. मी नाही हसून राह्यली.

काय म्हनलं? — परत म्हना. — कोनी सांगतलं तुमाले? मामानं. अन् मामा कुठले? महागावचे. म्हनजे तिकडचेच.

नाही, राग नाही आला. राग याचे दिवस गेले. दमली मी त्या गोष्टीले. आमी आधी कळंबले राह्यलो, तिथं बरं चाललं होतं, दहा-पाच पोट्टे येत, मंग कोनी तिकडचं गनपतीच्या दर्शनाले आलं अन् गोष्ट मांगंमांगं आली — पूनमसिंगनं कुस्ती विकली, पैसे खाल्ले, तांड्याले दगा देल्ला. पोट्टे कमी कमी होत गेले. मंग इथं मारेगावले आलो, म्हनलं इतल्या दूर कोन येते. आता तुमचा मामा आला. बसा, उठू नोका. मामानं तुमाले अर्धीच गोष्ट सांगतली. त्यालेही अर्धीच ठाऊक आहे.

आमचा तांडा महागावाकडं. आमचे बुढे लदेनीवाले, बैलांवर मीठ-धान्य लादून मुलूख फिरत. ते बैल गेले, वावरं आली, आमी कापूस पेरू लागलो — पन गाववाल्यायच्या तोंडातलं ते गेलं नाही. चैतातल्या जत्रेत कुस्त्यायची दंगल राहे, अन् तांड्याचा गडी पडला का ते म्हनत, बैल हाका बे, कुस्ती तुमचं काम नाही. दरसाल आयकाचं अन् घरी याचं. मंग महाराष्ट्र झालं त्याच्या आदल्या साली गुलाबसिंग नायकानं सगळा तांडा लिंबाखाली बसवला. तांड्यात नायक म्हनन ते खरं. तो म्हने, या साली आपला पूनम पडला नाही पाहिजे, त्याचा खुराक तांडा देईन, घरोघरून एक एक लोटा दूध. सेवाभायाचं, आमच्या संताचं, नाव घेऊन सगळ्यायनं हात वर केले. अन् दिवस कोनते? फागुनाचे. चारा सरलेला, जनावरं आटलेले. ते काही वरकड दूध नोतं, भाऊ, लेकरांच्या तोंडचं होतं. सकाळी बाया येत, ओसरीतल्या चरवीत लोटा रिकामा करत, अन् जाता जाता ह्यायच्या दंडाले हात लावून पाहत. आपलं दूध कसं चढून राह्यलं ते पाहत. कोनाले वाईट नाही वाटे त्याचं. तांड्याचाच दंड होता तो.

अन् मी आत बाळंतीन. हिच्या आधीचे माहे दोन लेकरं जगले नाहीत. ही झाली, मुठीएवढी, अन् मले ताप भरला. ताप उतरला तवा अंगावरचं दूध गेलतं. पोट्टी रडे, रडे, मंग तिचं रडनं कमी झालं — लेकराचं रडनं कमी झालं का भाऊ, तवा खरं भेव वाटते. सासू, सुखीबाई, गुळाचं पानी बोटानं चाटवे, अन् तोंड फिरवून बसे. पाच पावलावर ओसरीत दुधानं भरलेली चरवी. कोनी तिकडं पाहे नाही. मीही नाही. ते आपलं नोतंच.

एका सकाळी पहिलवान चरवी घेऊन आत आले, पायानं दार लोटलं, पोट्टीले मांडीवर घेतलं, कापसाचा बोळा भिजवून तिच्या तोंडात पिळला. एवढा मोठा हात, अन् बोळा धरता येईना. माहाकडं पाह्यलं नाही. तिनं चोखलं. थोडं सांडलं, थोडं गेलं. मंग उरलेलं वाटीत घेऊन माहा तोंडाले लावलं. मी म्हनलं, हे तांड्याचं आहे. ते म्हनले, पे. बस, इतलंच. त्या दिवसापासून चरवी आत येत गेली, अन् ते सोता भाकर अन् मिरचीचा ठेचा खाऊन दंड मारत. वरून तेल चोपडत, खूप तेल — अंग चमकलं पाहिजे ना. बाया हात लावत अन् म्हनत, चढलं हो, या साली चढलं. मी आतून आयको. पोट्टीच्या गालावर चढून राह्यलं होतं ते. ह्यायच्या मांड्या मीच पाहो, लंगोट मीच घट्ट करून देओ.

मांगून घेतलं असतं म्हनता? तुमाले सोपं वाटते. नायक वाईट मानूस नोता, त्यानं देल्लं असतं. पन कोनाच्या लोट्यातलं? कोनत्या घरी लेकरू नोतं? शेजारच्या धुरपतीचा पोट्टा रांगता होता, तिची गाय अर्धंमुर्धं दे, तरी तिनं एक दिवस लोटा चुकवला नाही. म्हने, आपला पहिलवान आहे, माहा पोट्टा काय पानी पेईन. आता मोठा झाला तो, दीर सांगे मांगं, पाय वाकडे राह्यले त्याचे. तेच्यानंच राह्यले असं नाही म्हनत मी. कोनाचे तसेही राहतात. — पन राह्यले.

दंगलीत मी नोती. दीर, हिरासिंग, त्यानं येऊन सांगतलं. समोरचा गडी गाववाल्यायचा, दनकट. तरी हे लय येळ टिकले, त्याले खालीही घेतलं होतं एकदा, तांडेवाले पागोटे उडवून राह्यले होते. मंग त्यानं कमरेले मिठी घातली. हिरासिंग म्हने, वहिनी, मी जोळ होतो, दादाच्या मांड्या ज्वारीच्या धांड्यासारख्या हालून राह्यल्या होत्या. डाव नाही, काही नाही, नुसते पाय गेले. पाठ लागली मातीले. गाववाले ओरडले, बैल हाका. अन् आपल्यातून कोनी तरी म्हनलं, इतल्या जनाचं दूध पेऊन असा पडते का मानूस? दुसरा म्हने, पडला नाही, पाडून घेतलं. झालं. कोनी इचारलं नाही, कोनी पाह्यलं नाही, सगळ्यायले एकदमच पटलं. त्यायचंही काय चुकलं? त्यायचा हिशोब बराबर होता. दूध गेलतं, मंग गडी कसा पडते?

नायक घरी आला. बसला नाही, उभाच राह्यला दारात. म्हने, पूनम, पैसे घेतले का? एवढंच सांग, मंग मी जातो. अन् आत पोट्टी पाय झाडून खेळून राह्यली होती, आवाज करून राह्यली होती. पहिलवान तिकडं पाहत होते. मी म्हनलं आता सांगतील. तर ते म्हनले, हो. घेतले. — भाऊ, ज्या मानसानं जनमात कोनाची काडी नाही उचलली, तो म्हनला, हो. नायक उंबऱ्याले हात लावून निंगून गेला. मी इचारलं, कायले खोटं बोलले? तर म्हने, मले दगाबाज म्हनतील, मी मोठा आहे, सोसन. खरं सांगतलं तर पोट्टी अंगनात खेळन अन् लोक पाहतील तिच्याकडं, आपलं दूध चाललं म्हनून. धुरपती पाहीन. कोनी काही बोलनार नाही, नुसते पाहतील. त्या नजरेत लेकरानं कसं मोठं व्हाचं? अन् मले पोट्टीच्या डोक्यावर हात ठेवून शप्पथ घालाले लावली, कोनाले सांगनार नाही म्हनून. आमी तांडा सोडला. नायकानं जा म्हनलं नोतं, पन पान्याच्या घागरी भराले गेली का बाया बाजूले सरकत. राहता आलं नाही.

अन् आज तुमाले —

कायले सांगतलं मी हे. इतले वर्सं गेले, कळंबच्या बायाले नाही सांगतलं, सासू मरून राह्यली होती तवा तिच्याजोळही त्या गोष्टीचं नाव नाही काढलं. तुमी मामाचं नाव काढलं अन् माहं तोंड चालत गेलं. दिवाळीले जाता का मामाकडं? जाता. अन् त्यायचं वावर तांड्याले लागूनच असन. — आयका भाऊ, माहं एक काम करा. तिथं गोष्ट निंगाली तर तुमी काही बोलू नोका. अन् इचारलंच कोनी, का पूनमसिंग भेटला का, तो काय म्हनते — तर म्हना, घेतले म्हनते. पैसे घेतले, असंच म्हनते तो अजून. एवढं म्हना. तुमाले ते कसंसं वाटन, पन म्हना. नायक म्हातारा झाला असन, त्याले त्याच गोष्टीत मरू द्या. धुरपतीलेही.

थांबा. गप राहा जरा.

आली का रामी? शाळेची पाटी आत ठेव, भाकर शिक्यावर आहे. हात धू आधी. — हे नवे आहेत, आखाड्यात येनार. — हो, तेही माती उकरनार, सगळेच उकरतात. — बाबा येतीलच, बंडी दिसली का रस्त्यात? बरं. जा तू आत.

भाऊ, तिच्याकडं असं पाहू नोका.

नाही, तुमी पाहून राह्यले होते. गालाकडं पाहून राह्यले होते, मले समजते. — तुमचं काही नाही चुकलं. घ्या हा लंगोट, शिवन झाली. आता जा तुमी. पहिलवान भेटनार नाहीत आज.

जा म्हनलं ना.