मापापुरतं ये

स्कॅनच्या खोलीबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर दोघी बहिणी.

"बस गं. चारदा उठलीस."

"ताई, तुझे नवे स्तन करायला माझं माप चालेल ना नक्की?"

"पिशवी उघड."

"हे काय, प्लास्टिकचं?"

"साचा. थ्रीडी प्रिंटरवर छापलाय, माझे दोन्ही काढायच्या आधीच्या स्कॅनवरून. याच मापाने नवे घडवणार आहेत."

"मग मला कशाला आणलंस?"

"आई स्तनांच्या कॅन्सरनं गेली, मग माझी पाळी आली. आणि तू तीन वर्षं तपासणी टाळतेयस."

"फसवलंस मला!"

"खरं सांगितलं असतं तर आली असतीस?"

"नसते आले."

"जा, तुझाच नंबर पुकारतायत."

"पर्स धर. आणि इथून हलू नकोस."