कॅनडाला न्यायचं शिंकं

देवणीची गाडी लातूरच्या स्टँडातून हलली, तरी पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या जोडप्याचं बोलणं काही थांबलं नाही. दीपमालानं हातातलं पुस्तक मिटलं. म्हातारीच्या मांडीवर सुताच्या दोरीचं अर्धवट विणलेलं शिंकं होतं.

“आगं, कॅनडात दोरी मिळत न्हाई का? कशाला हे वझं?”

“तिथल्या जंगलात रात्री अन्न झाडाला टांगावं लागतंय. अस्वलं येतेत. आपला आदिनाथच म्हणला की.”

“आजवर मांजरापायी शिंकं बांधलंस, आता अस्वलापायी. पर त्याला विचारलंस का, लागतंय का म्हणून?”

“विचाराया लागले, तर ‘ठेवतो आई, दुसरा फोन यायलाय’ म्हणला.”

“हं.”

“आदिनाथ आपल्याला ज्या होडीतनं जंगलात फिरवणार, ती केवढी हाय म्हणं?”

“तिघं बसतेत. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायाचं. मधी जमीन आली की होडी डोक्यावर घेऊन चालायचं.”

“तुमचा गुडघा?”

“होडी तो घेणार हाय. आपुन निस्तं मागं चालायचं.”

“पवायला येत न्हाई तुमाला.”

“हिरीत सुदीक उतरलो न्हाई कधी. तुला भ्या वाटत न्हाई व्हय?”

“लई वाटतंय. पर तिथं फोन लागत न्हाई म्हणं.”

“मग? तुला कुणाला करायचाय फोन?”

“मला न्हाई वो. त्याला बी कुणाचा येणार न्हाई.”

 म्हाताऱ्यानं शिंक्याचं एक टोक हातात धरलं.

“वढ आता. गाठ घट्ट बसू दे.”