पयलं गाणं कुणाचं?

पयल्या नंबराचं कौतुक मला सांगू नका. पुण्यात आमच्या खुटबावच्या ओवी पार्टीची कॅसेट भरत व्हती, तवा ढोलवाले आप्पा उठलेच. "पयलं गाणं माझं, न्हाईतर ढोल घिऊन चाललो!"

पयलं मलाबी पायजे व्हतं, पण ढोलाबिगर ओवी कशी म्हणायची? माझं दुसरं ठेवलं.

कासुर्डीच्या जत्रंत कॅसेट लागणार म्हणून आप्पा नवा फेटा बांधून कर्ण्याखालीच बसले. सारखी चुळबूळ. स्पीकरवाल्यानं त्यांचं गाणं लावलं आन् त्याच्यावरच आवाज जुळवाया लागला. कर्णा मधीच किंचाळायचा, मधीच बंद. वर ह्यो माइकवर, "हॅलो, चेक, चेक!" आवाज जुळला तवा माझं गाणं लागलं.

आप्पा फेटा सोडत म्हणाले, "फुडच्या कॅसेटीत पयलं तुझं."