दोन साडू, दोन प्रोसेसर आणि एक बारसं

मंडळी, जरा सरसावून बसा. खांबाला टेकलेले – तुम्हीसुद्धा! आज एकच प्रश्न विचारतो. आपण एखादी वस्तू घरात आणतो. ती कशासाठी आणली होती, हे किती दिवस लक्षात राहतं आपल्या? लगेच मान डोलवू नका. आधी ऐका.

अच्युतराव टेंबे नावाचे एक गृहस्थ. बँकेतून निवृत्त झालेले. मुलगा हृषीकेश कॅनडात, आणि तिथे त्याला मुलगा झाला. सुलभाताई आजी झाल्या हो! पण नातू बघायचा कुठे? फोनच्या टीचभर काचेवर. त्यात ताईंना मोतीबिंदू. त्या म्हणाल्या, "अहो, बारसं तरी मला मोठ्या पडद्यावर दाखवा. पाळणा मी इथून म्हणेन." बाळाचं नाव मुलाने आणि सुनेने गुपित ठेवलं होतं. बारशालाच कळणार होतं.

झालं, अच्युतराव निघाले लॅपटॉप आणायला. दुकानदार म्हणाला, काका, हा प्रोसेसर घ्या, वीज अगदी कमी खातो, आत पंखासुद्धा नाही, त्यामुळे आवाज नाही. अच्युतराव हरखले. कमी खाणारं आणि आवाज न करणारं त्यांच्या घरात तोवर कुणीच नव्हतं – ते स्वतः धरून!

इथवर सगळं छान. पण ताईंच्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे अच्युतरावांचे साडू मुकुंदराव, यांनीही नेमका तेव्हाच लॅपटॉप घेतला. दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरचा, तोही कमी विजेवर चालणारा. आणि साडू म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायचं? शेजारी पुढे गेला तर माणूस निभावून नेतो. साडू पुढे गेला की घास उतरत नाही.

फोनवरून जुंपली. तुमचा किती वेळात सुरू होतो, आमचा बघा कसा. प्रोसेसर म्हणजे काय, हे दोघांनाही धड ठाऊक नव्हतं. पण मंडळी, भांडायला माहिती कधी लागली आहे का?

बारशाचा दिवस उजाडला. ताईंनी इथेच पाटावर छोटा पाळणा मांडला, फुलं लावली, घुगऱ्या केल्या. मुकुंदराव आले ते बायकोला आणि लॅपटॉपला घेऊन. अच्युतराव म्हणाले, वेळ आहे अजून, होऊन जाऊ द्या. हृषीकेशच्या लग्नाचा व्हिडिओ दोन्ही यंत्रांत घातला. त्याची लहान फाइल करायची, ज्याची आधी होईल तो जिंकला.

आता आपल्या घरांची रीत तुम्हाला माहीत आहे. रिमोटला प्लास्टिक, मिक्सरला झबलं! अच्युतरावांनी आपला लॅपटॉप मऊ दुलईवर ठेवला, मागून क्रोशाचं झाकण पांघरलं. नवरदेवसुद्धा इतका जपत नाहीत हो कुणी.

शर्यत सुरू झाली. अच्युतराव पुढे! मिशीतल्या मिशीत हसताहेत. पण हळूहळू त्यांचा आकडा रेंगाळायला लागला. पंखा नाही, खाली दुलई, मागे झाकण – बिचारं यंत्र तापून तापून मंदावलं. मुकुंदरावांचा पंखा घरघर करत मागून येतोय. तेवढ्यात ताई दारात आल्या. म्हणाल्या, तिकडे सगळे जमलेत, लावता ना? अच्युतरावांनी मानही वळवली नाही. शर्यत न थांबवता त्यांनी त्याच यंत्रावर कॉल लावला. मुकुंदराव तर आपल्या लॅपटॉपला हात लावू देईनात, थांबवला तर हरलो म्हणे.

पडद्यावर पाळणा दिसला. सून वाकली, बारशासाठी तिकडे गेलेली हृषीकेशची बहीण नाव सांगायला बाळाच्या कानाशी गेली... आणि चित्र गोठलं! तोंड उघडं, शब्द नाही. ताईंनी पाळण्याचं पहिलं कडवं सुरू केलं होतं, ते ओठावरच राहिलं.

मंडळी, त्या बाईने काय केलं असेल? आदळआपट? नाही. कंबरेचा फोन काढला, स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटलं. इकडे दोघे साडू दुलई ओढताहेत, झाकण फेकताहेत, वर्तमानपत्राने वारा घालताहेत. नैवेद्याच्या पानावरच्या माश्या हाकलल्यासारखं! आतून पाळण्याचे सूर येऊ लागले. ताईंचा आवाज, थोडा भरून आलेला.

दार उघडलं. अच्युतराव ओशाळून उठले. म्हणाले, "सुलभा, नाव काय ठेवलं गं?"

ताईंनी घुगऱ्यांची वाटी त्यांच्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "आधी तुम्ही सांगा. कुणाचा पळाला जोरात?"

अच्युतरावांना पडद्याकडे बघवेना. शर्यत कुणी जिंकली, हे त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं नाही. आजोबा होते ते, आणि घरात असून नातवाचं नाव त्यांना विचारावं लागलं. मला तर त्यांची दयाच येते.

त्या यंत्राला दोष देऊ नका. त्याच्यात एक शहाणपण आहे. तापलं की ते आपण होऊन मंदावतं, थांबतं, निवतं. आपण तापलो की काय करतो? आणखी जोरात पळतो!

हसलात? हसा. मघाशी मी बुक्का लावून उभा राहिलो, तेव्हा या सभामंडपात तुमच्यातले दोघे शेजारी शेजारी फोन धरून बघत होते, माझं कीर्तन कुणाच्या फोनवर जास्त स्वच्छ दिसतं ते. मी तुमच्यासमोर उभा आहे, बाबांनो. खाली ठेवा ते फोन, आणि इकडे बघा.