आठवा महिना टाळला

हॅलो?… हां कौशल्या, बोल. कुठपर्यंत आलात?… लोणावळा? विमान दुपारी एकला उतरणार आणि तुम्ही साडेआठलाच लोणावळ्यात! तात्याराव काय विमान हातानं उतरवून घेणारेत?… बरं, बरं, नाही बोलत.

तुझं काय गं, फायदाच फायदा. लेक तीन महिने तुझ्याकडे, पहिलं बाळंतपण माहेरी, आणि नातवंड विहीणबाईंच्या आधी तुझ्या मांडीवर. त्या बसल्यात तिकडे मांजरी गावात फोटोची वाट बघत… हसतेस काय, खरं तेच सांगतेय.

हो, हो… बघतेय ना. आमच्या निकितानं लॅपटॉपवर लावून दिलंय. नकाशावर इवलंसं पिवळं विमान, त्यात आपली अक्षता. तुर्कस्तान संपत आलं…

थांब हं… काही नाही गं, थांब म्हटलं ना. निकिता, हे असं का दिसतंय?… तुला नाही, तिला विचारतेय.

कौशल्या, गाडीत रेडिओ लावलाय?… मग नकोच लावू… अगं सहज. तात्यारावांना गाडी बाजूला घ्यायला सांग… आधी घ्या, मग सांगते… घेतली?

हे बघ, अक्षता ठीक आहे. विमानही ठीक आहे. फक्त वळलंय… वळलंय म्हणजे परत चाललंय, फ्रँकफर्टला. पहाटे इराणवर क्षेपणास्त्रं पडली, तिथलं आकाश बंद केलंय… नाही गं, एकटं तेच नाही, सगळीच वळतायत. पाच… सहा… सात दिसतायत मला. मधला नकाशा पाटी पुसल्यासारखा रिकामा झालाय.

वळसा घालून?… तेवढं इंधन नको का त्यात? निकिता तेच म्हणतेय.

उद्याचं विमान?… उद्या-परवाची सगळी रद्द, आत्ताच टाकलंय विमान कंपनीनं. इजिप्तवरून लांबची वाट आहे, पण तिथे सगळं जग तुटून पडणार, जागा कुठली? आणि परवा तिचे छत्तीस आठवडे भरतात. मग चढूच देत नाहीत… डॉक्टरांची चिठ्ठी असली तरी नाही.

अगं ऐक ना… ऐक. तात्यारावांना बोल लावू नकोस. ते बिचारे महिन्यापूर्वीच तिकीट काढत होते. ‘आठव्यात प्रवास नको, नववा लागू दे,’ कोण म्हणालं?… नाही, तू नाहीस. तू नुसतं विचारलंस. सांगितलं मी. बोटं मोजून सांगितलं. आपले महिने वेगळे, विमानवाल्यांचे आठवडे वेगळे, नववा लागल्यापासून त्यांची बंदी लागेपर्यंत मधे चार दिवस उरत होते. पुष्कळ झाले म्हटलं मी! चार दिवसांत काय होतंय?

तू जाणार?… व्हिसा कुठाय तुझ्याकडे? आणि जाणार कुठून बाई, त्याच आकाशातून ना?… जावई आहे, राकेश, पण त्याला कुकरच्या शिट्ट्या मोजून भात लावावा लागतो. तो काय बाळंतपण करणार?… हो, कळवलंय त्याला निकितानं. निघालाय तिला आणायला.

तुम्ही आता मागे फिरा… तिथून नाही वळता येत, खोपोलीपर्यंत जावंच लागतं. सावकाश या.

काय?… माझा दोष नाही? असं नको म्हणूस. हिशेब नीट मांड तरी. तात्यारावांचं तिकीट गेलं, ते पैसे येतील परत. तुझं बाळंतपण गेलं. माझा शब्द गेला, त्याची किंमत फार नव्हतीच. आणि ती पोरगी चार तास त्या खुर्चीत अवघडून बसलीय, अजून चार तास बसेल, उतरेल तिथेच जिथून निघाली. मग कळा येतील तेव्हा हात धरायला आपल्यातलं कुणी नाही… आपण दोघी मोजत बसलो, कौशल्या. भरलं एकट्या अक्षतानं.

…नाही गं, मी कुठे रडतेय. ठेवते.